वळणावरचे चार फूट

ओयाला रस्ता, १४ ऑक्टोबर

रॉडनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आधी 'प्रिय' लिहिलं, मग खोडलं. खोडलेलं दिसत होतं म्हणून हा दुसरा कागद घेतला.

काम एकच आहे आणि ते तुझ्या आईचं आहे. गॅस कंपनीची चिठ्ठी आली आहे. यंदाच्या हिवाळ्यापासून टँकर आत यायला रस्ता दहा फूट मोकळा हवा, नाहीतर चालक रस्त्याच्या तोंडावरूनच परत जाईल. म्हणजे माझ्या घरापासून आत तुझ्या आईच्या घरापर्यंतचा पाव मैल. टँकरची नळी दीडशे फुटांची असते, पाव मैलाची नसते, हे तुला सांगायला नको.

आजवर हा रस्ता तू पिकअपने मोकळा करायचास. पिकअप तू कॅरोलला शेजारी बसवून अ‍ॅरिझोनाला नेलास, पुढच्या बर्फ ढकलायच्या पात्यासकट. पातं वाटेत विस्कॉन्सिनमध्ये काढून विकलंस, असं लाम्पीच्या दुकानात कळलं. तिथे सगळंच कळतं. वाळवंटात बर्फ पडत नाही हे तुला विस्कॉन्सिनपर्यंत पोचल्यावर आठवलं, याचं लाम्पीला फार हसू आलं. मीही हसले, दुकानात होते म्हणून.

मागे तू तीन गोष्टी ठेवल्यास. एटीव्ही, ती चार चाकांची उघडी गाडी, कारण तिची बॅटरी उतरली होती. बोट, कारण तिला वाळवंटात पाणी नाही. आणि तुझी आई. मला मी या यादीत धरत नाही. घर माझ्या नावावर झालं आहे.

एटीव्हीची बॅटरी मी बदलली. आता तिला पुढे बर्फ ढकलायचं पातं बसवायचं आहे. लाम्पीकडे अठ्ठेचाळीस, चोपन्न आणि साठ इंची पाती आहेत. लोखंडी आहेत, प्लास्टिकची आहेत. काही हाताच्या दांड्याने उचलायची, काही बॅटरीवर चालणाऱ्या विंचच्या तारेने. सरळ आहेत, आणि मधे टोक असलेली, बर्फ दोन्हीकडे फाडत जाणारी. तू तीस वर्षं बर्फ ढकललास. कोणतं घेऊ? एवढंच सांग. बाकी काही विचारलेलं नाही, तेव्हा बाकी कशाचं उत्तर नको.

तुझ्या आईला सत्त्याऐंशी पूर्ण झाली. हिवाळा त्याच घरात काढणार म्हणते. तू पाठवलेलं गावातल्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक मिळालं. चकचकीत कागद आहे. तिने त्यावर बटाटे सोलले.

बोट वळणावर ट्रेलरवरच आहे, तू ठेवलीस तशीच. ताडपत्रीही तीच.

वर्ना


२९ ऑक्टोबर

रॉडनी,

निवडुंगाच्या चित्राचं कार्ड मिळालं. पूर्ण मजकूर इथे उतरवते, म्हणजे नंतर तू असं लिहिलंच नव्हतं म्हणायला नको: "अठ्ठेचाळीस पुरे. तुला याहून मोठं झेपणार नाही. बोटीला बर्फ लागू देऊ नकोस, कडेचा बर्फाचा बांध चार फूट लांब ठेव. आर."

बोटीबद्दल एक अख्खं वाक्य आहे. आईबद्दल शोधलं. नाही सापडलं.

तुझ्या आईने कार्ड वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं आणि म्हणाली, "कोट घाल. दुकानात जाऊ."

एटीव्ही ट्रेलरवर चढवून आम्ही दोघी गेलो. लाम्पी काउंटरमागे कॉफी पीत होता. पातं हवं म्हटल्यावर तो सरळ अठ्ठेचाळीसकडे वळला. "बायका हेच नेतात, मिसेस ओयाला. हलकं आहे."

"बायका बसल्या की गाडीची चाकं आत सरकतात का रे?" तुझ्या आईने विचारलं.

लाम्पी माझ्याकडे बघायला लागला. तिने पर्समधून तुझ्या वडिलांची लोखंडी टेप काढली आणि माझ्या हातात दिली. भर दुकानासमोर मी ओणवी होऊन चाकं मोजली. या कडेपासून त्या कडेपर्यंत सत्तेचाळीस इंच.

"आता ते पातं तिरकं कर," ती लाम्पीला म्हणाली. "तू रस्त्यावर सरळ धरून ढकलतोस का? तिरकं कर, आणि मग मोज."

तिरकं केल्यावर अठ्ठेचाळीसचं बेचाळीस झालं.

"म्हणजे दोन्हीकडची चाकं बर्फावर. चाकाखाली दाबलेल्या बर्फाचा दुसऱ्या दिवशी दगड होतो. मग तो तुझं पातं उचलत नाही आणि तुझा बापही उचलत नाही."

"बरोबर आहे," लाम्पी म्हणाला. "पण रॉडनीनेच सांगितलं म्हणालात ना?"

"माझ्या मुलाला हे माहीत आहे. तो बारा वर्षांचा होता तेव्हापासून माहीत आहे."

लाम्पीने कॉफीत बघितलं. त्यानंतर तो दुकानदारासारखा वागला. साठ तिरकं केलं की बावन्न उरतं, चाकांबाहेर अडीच-अडीच इंच जास्त. लोखंडी, कारण सरकारी गाडी रस्त्याच्या तोंडाशी जो ओला ढीग टाकून जाते त्याला प्लास्टिक नुसतं वाकून नमस्कार करतं. टोकाचं पातं नको, ते तुझ्या आईनेच मोडीत काढलं: "जंगलात रस्ता काढायचा नाही, आहे तो ठेवायचा आहे." उचलायला विंच, कारण माझा उजवा खांदा तुला माहीत आहे. पात्याखाली चकत्या, जमीन गोठेपर्यंत खडी उखडू नये म्हणून.

"साठ जड पडेल," लाम्पी म्हणाला. "मागे वजन ठेवावं लागेल."

"मी बसेन मागे," तुझी आई म्हणाली. लाम्पीने वाळूच्या दोन गोण्या दिल्या.

परत येताना तिने तुझं कार्ड पुन्हा काढून वाचलं. मग म्हणाली, "घाईत लिहिलं असेल त्याने अठ्ठेचाळीस." मैलभराने तीच म्हणाली, "नाही. घाईत नाही लिहिलं."

मी तुला विचारते आहे, रॉडनी. रस्ता बंद पडला तर तिला आश्रमात जावं लागेल, हे तुला कार्ड लिहिताना माहीत होतं ना?

वर्ना


२३ नोव्हेंबर

रॉडनी,

त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. बरं.

सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला आणि तीन दिवसांत एकोणतीस इंच बर्फ पडला. पातं उत्तम आहे. पहिल्या दिवशी मी ते दोनदा झाडात घातलं आणि एकदा तुझ्या आईच्या पायरीत. तिसऱ्या दिवसापासून जमलं. आता मी सकाळी कॉफी घेते, चाकांच्या साखळ्या बघते, आणि आतपर्यंत चार फेऱ्या मारते. तुझी आई खिडकीत उभी असते. पडदा एकदा हलवला तर ठीक, दोनदा हलवला तर कुठेतरी राहिलं. ती अजून एकदा हलवून थांबलेली नाही. मग आत बोलावून वेलदोड्याचा पाव देते आणि काय चुकलं ते सांगते.

"बर्फ आत्ताच लांब ढकलून ठेव," ती म्हणाली. "आत्ता मऊ आहे. आज कडेला ठेवलास तो उद्या गोठेल, मग परवाचा त्याच्या अलीकडे राहील. फेब्रुवारीत रस्ता उरणार नाही."

"माहीत आहे मला, आई. मी इथेच जन्मले."

"गावात जन्मलीस. गावात सरकार ढकलतं."

तिचं म्हणणं मी पाळते आहे. सगळ्या रस्त्याला बांध मी दोन्ही बाजूंनी झाडांपर्यंत मागे नेले आहेत. एक वळण सोडून. तिथे उजवीकडे खडक आहे, तो काही मागे जात नाही. डावीकडे तुझी बोट. म्हणून डावा बांध मी बोटीच्या चार फूट अलीकडे थांबवला. बांध आणि बोट यांच्यामध्ये एक गल्ली उरली आहे. वाऱ्याने तिच्यात बर्फ भरला की मी फावड्याने काढते.

तुझ्यासाठी नाही. तुझ्या वकिलाचं आणखी एक पत्र नको म्हणून.

वर्ना


२६ डिसेंबर

रॉडनी,

काल तू तुझ्या आईला फोन केलास, तेव्हा मी तिथेच होते. बीट सोलत होते. तुझं बोलणं ऐकू आलं नाही. तिचं आलं.

"हो, पोट भरून खाते… नाही… नाही रे, जिने कशाला चढू, घराला जिनाच नाही… वर्ना येते की रोज… तुला काय करायचंय तिचं?… आश्रमातली खोली बघून ठेवलीस म्हणजे? फोनवर खोली कशी दिसते?… रॉडनी, ऐक. मी या घरात लग्न होऊन आले, या घरात तुझा बाप गेला, आणि इथून मला आडवी नेतील. तोवर तुझ्या कॅरोलला म्हणावं, ऊन खा."

फोन ठेवून ती बराच वेळ टेबलावरचे कण गोळा करत बसली. मग म्हणाली, "त्याला जमीन विकायची आहे."

"सरोवराकाठची आहे. शिकागोचे लोक घेतात."

"बांध किती आलाय वळणावर?"

मी म्हटलं, बघते.

"बघू नकोस. मोज." आणि तुझ्या वडिलांची टेप मला देऊन टाकली. कायमची.

मोजलं. खडकापासून डाव्या बांधापर्यंत अकरा फूट चार इंच. नोव्हेंबरात चौदा होतं. अजून जानेवारी जायचा आहे, आणि आतापर्यंतच नव्वद इंच बर्फ पडून गेला आहे.

तुझी आई म्हणते, बोट हलव. मी म्हटलं, बघू.

तू सांग ना, कुठे हलवू? तुझी आहे.

वर्ना


१९ जानेवारी

रॉडनी,

बोटीबद्दल विचारलं होतं. कार्डसुद्धा नाही.

टँकर गुरुवारी आला. कर्ट चालवतो, शाळेत तुझ्या मागे एक वर्ग होता, जाड भिंगांच्या चष्म्याचा. वळणावर उतरून त्याने रस्ता बघितला, दोन्ही आरसे मिटले आणि कसाबसा आत गेला. परत जाताना माझ्या दारात थांबला. "वर्ना, कंपनी दहा फूट म्हणते. हे साडेनऊ आहे. मी तुझ्या सासूसाठी गेलो. पुढच्या वेळी याहून कमी असेल तर मला विचारू नकोस, कारण तू विचारलंस तर मला नाही म्हणावं लागेल."

"माजी सासू," मी म्हटलं.

"आम्ही अजून सासूच म्हणतो," तो म्हणाला.

बांध आता दगड झाला आहे. पातं लावलं की गाडीच मागे सरकते. लाम्पीला फोन केला. तो म्हणाला, "उजवीकडे खडक, तिथे काही होणार नाही. डावीकडची बोट काढा. मग मी लोडर आणतो आणि अर्ध्या तासात बांध झाडांपर्यंत मागे नेतो. पण बोट असताना लोडर नाही आणणार. एक ओरखडा गेला तर रॉडनी मला कोर्टात उभा करेल."

काढते म्हटलं.

नाही निघत, रॉडनी. ट्रेलरची चाकं जमिनीला गोठली आहेत. दोनदा साखळी लावून ओढून पाहिलं. गाडीची चाकं जागच्या जागी फिरतात. तुझ्या आईला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "उकळतं पाणी ओत." ओतलं, तरी नाही.

तू ये. चार दिवस ये, ट्रेलर काढ, मग परत जा. विमानाने डुलूथ, तिथून मी आणायला येते. गाडीत बोलायलाही नको.

वर्ना


१६ फेब्रुवारी

रॉडनी,

तुला सगळं नर्सने फोनवर सांगितलंच आहे. तरी माझ्याकडून एकदा.

कर्ट नऊ तारखेला आला. वळणावर आठ फूट सात इंच उरलं होतं. तरी त्याने टँकरचं नाक घातलं, मागचं चाक खडकाकडे घसरलं, आणि तो थांबला. काच खाली केली नाही. उलटा मागे गेला. पाव मैल आत तुझ्या आईच्या टाकीचा काटा पाच टक्क्यांवर होता आणि बाहेर उणे वीस.

अकरा तारखेला काटा शून्यावर बसला. विजेच्या दोन शेगड्या लावल्या, तर फ्यूज गेला. मी तिला एटीव्हीवर मागे बसवून माझ्या घरी आणलं, वाळूच्या गोण्या काढून, गोधडीत गुंडाळून. पातं वर उचललेलं होतं. "बघ," ती माझ्या पाठीला तोंड लावून म्हणाली, "म्हटलं होतं ना, मी बसेन मागे." वळणावर तिने डोकं माझ्या पाठीवरून उचललं. दुसऱ्या दिवशी तिच्या घरातल्या नळ्या फुटल्या. स्वयंपाकघरात बोटभर जाडीचा बर्फ साचला. तुझ्या वडिलांचा फोटो भिंतीवर आहे, तो ठीक आहे.

तेरा तारखेला नर्स आश्रमाचा अर्ज घेऊन आली. त्यात तुमचं नातं काय असा रकाना होता. माजी सून असा शब्द त्यांच्या यादीत नाही. तिने 'शेजारीण' लिहिलं. शेजारणीचं मत विचारत नाहीत. तुझी सही अठराशे मैलांवरून दहा मिनिटांत आली. आईला कार्ड लिहायला तुला जमलं नाही, सही जमली.

चौदाला गाडी येऊन घेऊन गेली. एक पेटी, टोपी आणि तिचं कॉफीचं भांडं.

तुला हवं होतं ते झालं. अठ्ठेचाळीस इंची पातं मी घेतलं नाही, तरी तू बोट ठेवून काम करून घेतलंस. तुझी बोट नसती तर ती आज तिच्या खिडकीत असती. हे मी तुला दरवर्षी याच तारखेला लिहून पाठवणार आहे.

वर्ना


२७ एप्रिल

रॉडनी,

तुझं पत्र मिळालं. पत्रच, पाकिटातलं. "जे झालं ते तिच्या भल्याचंच झालं. बर्फ वितळल्यावर बोटीची ताडपत्री तपासून ठेव, मी उन्हाळ्यात बघतो." दोन वाक्यं. मागच्या वेळी तीन होती.

फेब्रुवारीतल्या पत्रात मी काही गोष्टी लिहिल्या नव्हत्या आणि एक खोटी लिहिली होती. आज तुझ्या आईकडे जाऊन आले आहे, म्हणून लिहिते.

मी दर रविवारी जाते. तिची खोली मागच्या बाजूला आहे, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. दहा रविवार ती माझ्याशी फक्त तिथला बर्फ ढकलणाऱ्याबद्दल बोलली. "बघ, गाड्यांच्या मागे ढीग लावतोय. बैल आहे." मी पाव नेते. ती म्हणते, ठेव तिथे. पुढच्या रविवारी तो तिथेच असतो.

आज बर्फ संपला होता, त्यामुळे बोलायला काही नव्हतं. ती म्हणाली, "ट्रेलर निघाला का?"

"अजून नाही बघितलं."

"जमीन मऊ झाली असेल आता."

"हो."

"जानेवारीतही गोठला नव्हता तो, वर्ना."

मी कोट घालायला लागले.

"बस. मी म्हातारी आहे, आंधळी नाही. तू मला गाडीवर घालून आणलंस तेव्हा मी बघितलं. बोटीच्या भोवती फावड्याने साफ केलेलं. चाकांपर्यंत साफ. आणि ट्रेलरच्या दांड्यापासून तुझ्या अंगणापर्यंत सरळ वाट काढलेली. हिवाळाभर काढलीस ना ती? रोज?"

"रोज नाही."

"तो येईल आणि जोडून नेईल म्हणून."

मी कोटाची बटणं सोडली.

"चार फूट त्याला दिलेस," ती म्हणाली. "मला दिले नाहीस."

ती खोटी गोष्ट हीच, रॉडनी. मी साखळी कधी लावलीच नव्हती. दोनदा नाही आणि एकदाही नाही. उकळतं पाणी मी किटलीत तापवलं आणि त्याची कॉफी केली. जानेवारीत एकदा पातं वर उचलून मी गाडी दांड्यापाशी नेली आणि इंजिन चालू ठेवून तिथे बसले, पेट्रोल पाव टाकी जळेपर्यंत. मग घरी गेले. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून वळण दिसतं. सकाळी भांडी घासताना ताडपत्री दिसली की मला वाटायचं, हा माणूस बायको टाकेल, आई टाकेल, पण ती बोट टाकणार नाही. बोट जागेवर आहे तोवर तुला एकदा तरी यावं लागेल. ती हलवली असती तर तुला यायला कारणच उरलं नसतं. चौतीस वर्षं संसार करून मी एका अल्युमिनियमच्या होडीचा आधार धरून बसले होते, आणि हे मला कळत होतं, आणि तरी दर वादळानंतर फावडं घेऊन मी आधी ती गल्ली साफ करत होते. रस्ता नंतर.

आणखी एक. ती तुझ्या सहीने गेली नाही. तुझी सही यायच्या आधी नर्सने तिला विचारलं होतं, "मिसेस ओयाला, तुम्हाला इथेच राहायचं का, वर्नाकडे? तसं लिहिता येईल." मी स्टोव्हपाशी उभी होते. मी खोली तयार करून ठेवली होती, शिवणयंत्र बाहेर काढून. तुझ्या आईने माझ्या खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "नाही. इथे नको."

मला वाटलं तिला ओझं व्हायचं नाही. दहा रविवार मी तेच धरून बसले होते.

तेव्हा दरवर्षी जे लिहून पाठवणार होते ते पाठवणार नाही. बोट तू ठेवलीस. राहू मी दिली.

वर्ना


१२ मे

रॉडनी,

हे शेवटचं. उत्तर पाठवलंस तर ते मी लाम्पीच्या दुकानात सगळ्यांना वाचून दाखवेन, एवढं लक्षात ठेव.

शनिवारी सकाळी ताडपत्री तपासली, तू सांगितल्याप्रमाणे. फाटलेली नाही. आत पाण्याचा थेंब नाही. बोटीवर एक ओरखडा नाही. ट्रेलरच्या एका टायरमध्ये हवा कमी होती, तेवढी भरली. मग एटीव्हीला जोडला आणि ओढला. पहिल्याच झटक्याला निघाला. वळणापासून माझ्या अंगणातून पुढे मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत दहा मिनिटं लागली. घड्याळ बघितलं होतं.

पत्रपेटीशेजारी गवतावर उभी केली आणि तुझ्याच डब्यातल्या रंगाने पुठ्ठ्यावर 'फुकट' लिहून लावलं. जुने सोफे, तुटकी कपाटं लोक ठेवतात तसं. ट्रेलरच्या मालकीचा तुझा कागद बोटीच्याच कप्प्यात होता, तो सीटवर दगडाखाली ठेवला. वकिलाला कळव, कागदोपत्री काही चूक असेल तर मी इथेच आहे.

पहिली गाडी नऊ वाजता थांबली. एक नवरा-बायको होते, विशीतली पोरंच. तो म्हणाला, "बाई, पाटी चुकून लागली नाही ना? खरंच फुकट?"

"खरंच."

"काय बिघडलंय हिचं?"

"काही नाही."

ती त्याला म्हणाली, "विचारत काय बसलास, जोड आधी." जाताना तिने मागे वळून हात केला. मीही केला.

काल रविवार होता, तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. गाड्या लावायची जागा कोरडी होती. मग तिने पावाचा एक तुकडा मोडला, खाल्ला नाही, बशीत ठेवला. निघताना मी येते म्हटलं, तर म्हणाली, "ये. पाव आणू नकोस."

तुझ्या आईच्या घराला गिऱ्हाईक आल्याचं दलालाने सांगितलं. शिकागोचं आहे. उन्हाळ्यापुरतेच येणार, हिवाळ्यात रस्ता बंद राहिला तरी चालेल म्हणतात.

पातं काढून, तेल लावून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे. साठ इंच, लोखंडी. चांगलं निवडलं होतं आम्ही.

मग टेप घेऊन वळणावर गेले. बांध वितळला आहे, बोट गेली आहे. खडकापासून झाडांपर्यंत तेवीस फूट मोकळा रस्ता आहे, दोन टँकर शेजारीशेजारी जातील एवढा. आत कोणी राहत नाही.

वर्ना